सहाचा मिस्ड कॉल

तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना श्रावण रामटेकेचे पाय कधी लटपटले नाहीत. मूल गावातल्या राइस मिलमधले तरणे हमाल दमून सावलीला टेकायचे, तेव्हा हा बावन्न वर्षांचा गडी बिडी विझवून पुढच्या कट्ट्याला हात घालायचा. पण रोज सकाळी सहाला पाच मिनिटं उरली की त्याच गड्याची छाती धडधडायला लागायची. ओट्यावर बसून, मोबाइल मांडीवर ठेवून तो त्याच्याकडे टक लावून बघत राहायचा. बरोबर सहाला फोन दोनदा वाजून तुटायचा. मग श्रावण उलट लावायचा आणि दोन रिंग झाल्या की तोडायचा. बोलणं काही नाही. काल प्यालो नाही, आज पिणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. उद्याचं उद्या.

पलीकडच्या फोनवर बाबूभाई असायचा. त्याचं कुलर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात कुलरवाल्याला जेवायलाही सवड नसते. तरी पहाटेची नमाज उरकली की त्याचं पहिलं काम श्रावणचा नंबर. पावणेचार वर्षांत हा फोन एकदाही चुकला नव्हता. बाबूभाईच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीही नाही.

आता हे दोघं भेटले कसे ते सांगायला हवं, कारण ती काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सहा वर्षं दारूबंदी होती. शेजारच्या गडचिरोलीत तर श्रावणच्या ऐन जवानीपासून आहे. बंदीनं दारू गेली असं कोणी म्हटलं की श्रावण हसायचा. बंदीत तो दुप्पट प्याला. फक्त लपून प्याला, आणि लपून करायची गोष्ट माणूस घाईघाईनं करतो. शेवटी करोनाच्या दोन लाटांच्या मधे त्याच्या बायकोनं, कमलानं, त्याला ऑटोत कोंबून एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. ‘‘सुधरला तं फोन करा, नाई तं तुमच्याकडंच राहू द्या,’’ असं तिनं डॉक्टरच्या तोंडावर सांगितलं. शेजारच्या खाटेवर बाबूभाई होता. त्याला त्याच्या भावांनी आणलं होतं, तेही हात बांधून.

तिथं एक दिवस नागपूरचे, दारू सोडलेल्यांच्या संगतीतले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी उपदेश केला नाही, हेच नवल. आपण कसे प्यायचो, आईच्या मयतीला कसे शुद्धीवर नव्हतो, ते सगळं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं आणि थांबले. म्हणाले, ऐंशी-नव्वद वर्षांमागं सातासमुद्रापलीकडं दोन दारुडे एकमेकांपुढं मन मोकळं करत बसले आणि दोघंही वाचले. तेवढंच आमचं शास्त्र. श्रावणनं विचारलं, ‘‘आमच्या गावात असं काई नाई. सुरू कराले किती माणसं लागते?’’ म्हातारे म्हणाले, ‘‘दोन.’’

घरी आल्यावर पाच महिने श्रावणनं दात आवळून काढले. मग बंदी उठली. दुकान उघडलं त्या दिवशी सकाळपासून रांग लागली होती आणि त्या रांगेत, बाजाराची पिशवी हातात घेऊन, आमचा श्रावणही उभा होता. तोंडाला मास्क होते, त्यामुळं पुढच्या माणसाला नुसत्या मानेवरून ओळखायला त्याला वेळ लागला. बाबूभाई मागं वळला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

‘‘तू इथी कायले आला?’’ श्रावण म्हणाला.

‘‘तुले पाहाले,’’ बाबूभाई म्हणाला.

दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. पण त्या खोटेपणाची एकाच वेळी लाज वाटली आणि दोघं रांगेतून बाहेर पडले. रेल्वे स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले. मूलच्या स्टेशनावर दिवसाला गाड्या थोड्या, त्यामुळं बाकावर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. गाडीची वाट बघत असेल असंच समजतात. मूलमधल्या त्या संगतीची ही पहिली बैठक. तिला ना नाव होतं, ना फलक. पुढं दर रविवारी ते तिथंच बसले. मधे तिघं-चौघं येऊन गेले. एक जण चहा फुकट मिळतो असं ऐकून आला, दोन कप प्याला आणि पुन्हा दिसला नाही. शेवटी उरले दोघंच.

दोघांच्या संगतीत एक वाईट असतं. एक पडला की संपलं. श्रावण एकट्याच्या जोरावर कधी न पिता राहिला असेल तर ते पाच महिने, आणि त्यांचा शेवट रांगेत झाला होता. बाबूभाईचा फोन आला तर आपण, नाही आला तर आपण कोण, हा हिशेब तो रोज मनात करायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सहाला फोन वाजला नाही.

सहा वाजून पाच. सहा वाजून दहा. श्रावणनं आवाज वाढवून बघितला, फोन बंद करून पुन्हा सुरू केला. सव्वासहाला स्वतः लावला. ‘आपण डायल केलेला नंबर बंद आहे.’ ती बाई शांतपणे सांगत होती. श्रावणनं पुन्हा लावला. बाईनं पुन्हा तेच सांगितलं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बॅटरी उतरली असेल, फोन पडला असेल, पाण्यात गेला असेल, अशी शंभर कारणं असू शकतात. पण श्रावणची ही शंभरही कारणं आयुष्यात वापरून झाली होती. आपणच पाडलेली खोटी नाणी हातात आली की माणूस खऱ्या नाण्यावरही विश्वास ठेवत नाही.

आंघोळ न करता तो बाबूभाईच्या घरी गेला. बाबूभाईची बायको सईदा दारातच उभी होती. तिला या फोनांचं सगळं माहीत होतं. श्रावणला बघून तिच्या चेहऱ्यावर आधी उजेड आला आणि श्रावण एकटाच आहे हे बघून विझला.

‘‘भाईसाब, आपको फोन आया?’’

‘‘नाई. कुठी गेले ते?’’

‘‘कल सुबह की बस से एटापल्लीकडं गेले. सूरजागडच्या खाणीच्या रोडवर ट्रकवाल्यांचा तळ हाय ना, वहाँ छह कुलर बसवायचे होते. शामतक आतो बोले.’’ तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. ‘‘फोन बंद हाय. तुम्हाले काय वाटते?’’

श्रावणला काय वाटत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ‘‘जंगलात रेंज नसते, बाई,’’ तो म्हणाला. तिनं मान हलवली. अशा वेळी दोन माणसं एकमेकांना धीर देतात आणि दोघांनाही तो पुरत नाही.

मिलकडं जायला तो निघाला होता. बसस्टँडपाशी आला आणि बाबूभाईची निळी स्कूटर दिसली. स्टँडाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि भिंतीच्या पलीकडं देशी दारूचं दुकान. बसनं जाणारा माणूस स्कूटर बसस्टँडवरच ठेवणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. श्रावणला कळलं नाही. डोळ्यांत भीती भरली की माणसाला ज्याची भीती तेवढंच दिसतं. त्याला स्कूटर दिसली आणि दुकान दिसलं. बाबूभाई परत आलाय, घरी गेला नाही, कुठंतरी पडलाय, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मग तो शोधायला लागला. मुकादमाला फोन करून खाडा सांगितला. देशीच्या दुकानात डोकावला. आत दोघं-तिघं सकाळचेच बसले होते, बाबूभाई नव्हता. गल्ल्यावरच्या माणसानं ‘‘काय देऊ?’’ म्हणून विचारलं, तेव्हा श्रावण मागच्या मागं बाहेर पडला. तिथून तो तलावाच्या पाळीवर गेला, आंब्याखाली. पूर्वी तिथं बसून प्यायचे. रिकाम्या बाटल्या होत्या, माणूस नव्हता. ऊन चढलं होतं. डांबर चपलेला चिकटत होतं. तिथून तो तलावापलीकडच्या टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर गेला. नानाजीच्या झोपडीत मोहाची दारू मिळायची, आणि बंदी असो की नसो, नानाजीचं कधी अडलं नव्हतं.

नानाजी वाईट माणूस नव्हता. चार वर्षांनी आलेलं जुनं गिऱ्हाईक बघून त्याला खरोखर आनंद झाला. ‘‘ये बाप्पा, श्रावणभाऊ. मले वाटलं मेलास का काय,’’ म्हणत त्यानं बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला पोतं अंथरलं आणि पाहुण्याला पाणी द्यावं तसा भरलेला गिलास पुढं ठेवला.

‘‘बाबूभाई आला होता का?’’ श्रावणनं विचारलं.

‘‘कोण? कुलरवाला? तो इथी कायले येईन? त्याले तं मोहाच्या वासानं ओकारी येते.’’

श्रावण गिलासाकडं बघत राहिला. नानाजी बोलला ते खरं होतं. बाबूभाई बाटलीबंद प्यायचा, मोहाची त्यानं कधी तोंडाला लावली नव्हती. स्टेशनच्या बाकावर यावरून दोघं कितीदा हसले होते. ही गोष्ट गावात श्रावणइतकी कोणालाच पक्की माहीत नव्हती. मग बाबूभाईला शोधत तो इथं का आला? देशीचं दुकान, आंब्याखालची जागा, नानाजीची झोपडी. हा बाबूभाईचा रस्ता नव्हताच. हा श्रावणचा स्वतःचा रस्ता होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा, याच क्रमानं. दोस्ताच्या नावाखाली त्याचे पाय त्याला जिथं यायचं होतं तिथं घेऊन आले होते.

तो घाबरला. आयुष्यात एवढा कधी घाबरला नव्हता. उठावं असं त्याला वाटलं आणि उठता आलं नाही. मोहाचा तो गोडसर, आंबूस वास नाकात गेला तसं तोंडात पाणी सुटलं. लाजेची गोष्ट आहे, पण तसं झालं. खिशातून फोन काढून त्यानं बाबूभाईला लावला. बंद.

पोत्याच्या दुसऱ्या टोकाला झिंगू बसला होता. हा झिंगू मजूर माणूस, पंचेचाळिशीचा, दिसायचा साठीचा. त्याचे हात एवढे थरथरत होते की गिलास तोंडापर्यंत जाईना. त्यानं गळ्यातला गमछा एका हाताला गुंडाळला, मानेमागून घेतला आणि दुसऱ्या हातानं ओढत गिलास वर आणायचा प्रयत्न चालवला होता. श्रावणनंही एके काळी असाच गमछा वापरला होता.

‘‘मी श्रावण,’’ तो रविवारच्या बैठकीतल्यासारखा एकदम म्हणाला. ‘‘मी दारुड्या आहो.’’

झिंगूनं त्याच्याकडं बघितलं. ‘‘मंग? इथी कोण साधू बसला हाय?’’

पण श्रावण थांबला नाही. थांबला असता तर हात गिलासाकडं गेला असता. त्यानं सांगायला सुरुवात केली. जे बाबूभाईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्या उन्हात, त्या तट्ट्याआड, एका थरथरत्या माणसाला सांगितलं. त्याची पोरगी संघप्रिया सहा वर्षांची असतानाची गोष्ट. ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीवर सोहळा असतो. तिला पांढरा फ्रॉक घालून तो घेऊन गेला होता. गेटपाशी उभी करून म्हणाला, इथंच थांब, मी आलोच. सकाळी दहाला म्हणाला. तो परत आला दिवे लागल्यावर. पोरगी तिथंच उभी होती. समता सैनिक दलाच्या एका बाईनं तिला जेवायला नेण्यासाठी हात धरला, तर गेली नाही. बाबा इथंच थांब म्हणाले, म्हणाली. उभ्या उभ्या फ्रॉक ओला झाला होता.

‘‘ती मले काईच बोलली नाई,’’ श्रावण म्हणाला. ‘‘मायं बोट धरलं अन् चालाले लागली. आजही काई बोलत नाई.’’ तो रडत होता आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

झिंगूनं श्रावणपुढच्या गिलासाकडं बघितलं. मग म्हणाला, ‘‘तू पेत नाईस तं तो गिलास मले दे.’’

आणि त्यानं तो घेतला. घेताना अर्धा श्रावणच्या शर्टावर सांडला, अर्धा त्याच्या पोटात गेला. कोणाला वाटेल झिंगूचं मन पालटलं, तर तसं काही झालं नाही. पण गिलास रिकामा झाला, आणि श्रावणला उठता आलं. नानाजी मागून हाक मारत होता. श्रावणनं वळून बघितलं नाही, कारण वळलो तर बसू, हे त्याला कळत होतं.

तो गिलास श्रावणनं घेतला नाही हे खरं. पण खऱ्याला वास नसतो आणि मोहाला असतो. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सकाळी देशीत डोकावताना त्याला बघणारे डोळे काय थोडे होते? कमला ओट्यावर उभी होती. नर्सिंगच्या सुट्टीत घरी आलेली संघप्रिया तिच्या मागं होती. श्रावण जवळ आला, कमलाला त्याच्या शर्टाचा वास आला आणि ती दोन पावलं मागं सरली. दुधानं पोळलेली बाई ती. ताकही फुंकून पिणार.

‘‘पेलो नाई,’’ श्रावण म्हणाला.

कमलानं पदर नाकाला लावला.

‘‘आईशप्पथ, कमला. सांडली अंगावर.’’

‘‘तुमच्या आईच्या शपता मी वीस वर्षं ऐकल्या,’’ कमला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती. त्यानं संघप्रियाकडं बघितलं. पोरगी आत गेली. तिनं कोपऱ्यातली आपली बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. सुट्टी संपायला अजून बारा दिवस होते.

दुपारभर श्रावण ओट्यावर बसून राहिला. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, एवढं सोसून जर हेच मिळायचं होतं, तर प्यालो असतो तर काय बिघडलं असतं? हा विचार गिलासापेक्षा भयंकर होता. तो उठून मोरीत गेला, डोक्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि ओल्या अंगानं पुन्हा बाहेर येऊन बसला.

साडेपाचला बाबूभाई आला. चालत आला, खांद्यावर अवजारांची पिशवी, कपड्यांवर लाल धूळ. तो आपल्या घरी गेला नव्हता, बसमधून उतरून, स्कूटर स्टँडवरच सोडून, सरळ इकडं आला होता. श्रावण उभा राहिला, पण आधी कमलाच दारात आली.

‘‘पुसा तुमच्या दोस्ताले, सकाळपासून कुठी होता,’’ ती म्हणाली.

बाबूभाईनं श्रावणकडं बघितलं. ‘‘कुठी होता?’’

‘‘तुले शोधत होतो. देशीत गेलो, आंब्याखाली गेलो, मंग नानाजीकडं बसलो. गिलास समोर होता.’’

‘‘पेला?’’

‘‘नाई. झिंगू पेला.’’

बाबूभाईनं पिशवी खाली ठेवली. ‘‘नाई पेला यानं, भाभी,’’ तो म्हणाला. ‘‘पेलेला माणूस जागा सांगत नाई. याद करा. वीस साल में एकदा तरी यानं नानाजीचं नाव घेतलं का तुमच्यापुढं? आज तीन जागा सांगून राह्यला.’’

कमला विचार करत उभी राहिली. वीस वर्षांतली उत्तरं ती आठवत असावी: मित्राकडं, मिलमध्ये, कुठं नाई, इथंच. आतून येणारा बॅगेचा आवाज थांबला होता. संघप्रिया चौकटीला टेकून ऐकत होती.

‘‘अन् तू?’’ श्रावणनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. ‘‘तू कुठी होता?’’

बाबूभाई ओट्याच्या कडेला बसला. खूप वेळ त्यानं बुटाची नाडी सोडली आणि बांधली.

‘‘आलापल्लीच्या अलीकडं,’’ तो म्हणाला. ‘‘काम सरलं, बस निकल गयी. एका ड्रायव्हरनं ट्रकात घेतलं. रस्ता जाम होता, गाड्याच गाड्या. अंधार पडला. ते प्याले लागले. गडचिरोलीत बंदी, दुसरं काय भेटते, मोहाचीच होती. नाक दाबलं अन् दोन गिलास घेतले. सकाळी सहाला फोन हातात होता, श्रावण. रेंज बी होती. खोटा मिस्ड कॉल देता आला असता. हात नाई चालला. मंग फोन बंद केला.’’

दोघांतला एक पडला होता, ज्याची पावणेचार वर्षं रोज सकाळी भीती वाटली तेच झालं होतं. पण पडलेला माणूस ओट्यावर बसून जागा सांगत होता, गिलास मोजून सांगत होता. श्रावण त्याच्याशेजारी बसला.

‘‘घरी काऊन नाई गेला?’’

‘‘सईदाले काय सांगू? तिनं दार उघडलं तं मी खोटं बोलीन. मले माहीत हाय.’’ त्यानं बुटाची नाडी पुन्हा सोडली. ‘‘अन् नाई बोललो, तं ती शाजियाकडं जाईन. पोरीच्या घरी. मागच्या वेळी बोलली होती, अब की बार एक दिन नहीं रुकूंगी.’’

‘‘मी येतो संगं,’’ श्रावण म्हणाला.

‘‘तुम्ही?’’ कमला म्हणाली. ‘‘या वासाच्या शर्टानं? दोघंही जा, अन् दोघांलेही हाकलून देईन ते बाई.’’

ती आत गेली. श्रावणला वाटलं, गेली, संपलं. पण ती धुतलेला शर्ट घेऊन बाहेर आली आणि त्याच्या मांडीवर टाकला. मग दाराआडच्या चपला पायात सरकवल्या. या चार वर्षांत ती त्यांच्या बैठकीला कधी गेली नव्हती, स्टेशनाच्या बाजूनंही फिरकली नव्हती.

‘‘चाला,’’ ती म्हणाली. ‘‘सईदाबाईशी आधी मी बोलतो.’’